भय आणि वियोग : बबलीच्या निमित्ताने

वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीचा इतिहास आपण माणसांचा इतिहास म्हणून वाचतो. परंतु याच संस्थेने १९७३ साली हेमलकसा येथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या इतिहासात माकडाच्या एका पिल्लाचेही प्रकरण आहे. माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते. तिला बिलगलेले पिल्लू मृत आईचे दूध पिऊ पाहत होते. डॉ. प्रकाश आमटे यांनी तांदूळ व कपडे देऊन ते मागून घेतले. हीच बबली. तेथील प्राणी-अनाथालयाचा आरंभ तिच्यापासून झाला. (शिकार पोटासाठी होती, हे विसरून ही गोष्ट सांगणे आम्हांस अन्यायाचे वाटते.)

त्या पिल्लाच्या अवस्थेला भय म्हणावे की वियोगदुःख? भयानकाचा स्थायीभाव भय आणि करुणाचा शोक, अशी वाटणी भरताने करून ठेवली आहे. प्रयोगशाळेला मात्र या भेदापर्यंत पोचायला बराच काळ लागला. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५८ साली दाखवले, की आईवेगळी माकडपिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या 'आई'पेक्षा कापडाच्या 'आई'लाच अधिक काळ बिलगून राहतात. पुढे १९६३ साली डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम, बाजारात आले आणि चिंता हा गोळीने शमणारा विकार ठरला. आईपासून दूर केलेली उंदराची पिल्ले माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेत ओरडतात. डायझेपामच्या वर्गातील औषधांनी हे ओरडणे कमी होते, असे १९८०च्या दशकात आढळले. ते चिंतेचेच ओरडणे मानून नव्या औषधांची पारख त्यावर होऊ लागली. आमच्या मते हे वाचन घाईचे होते. उघडे, इवलेसे पिल्लू घरट्याबाहेर गारठतेही, आणि त्या आवाजात थंडीचा वाटा किती, हा वाद पुढे रंगलाच.

माकडांनी अधिक स्पष्ट साक्ष दिली. त्याच विस्कॉन्सिनमध्ये नेड कॅलिन व स्टीव्हन शेल्टन यांनी १९८९ साली लाल तोंडाच्या माकडांच्या पिल्लांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकटे ठेवलेले पिल्लू आईला साद घाली. परका माणूस बाजूस उभा राहिला की थिजून जाई. त्याने डोळ्यांत रोखून पाहिले की भुंकल्यासारखे गुरकावी. डायझेपामने थिजणे आणि गुरकावणे ओसरले, साद मात्र तशीच राहिली. ती कमी केली मॉर्फिनने, जे मुळात वेदनाशामक आहे. आणि मॉर्फिनचे भय-वर्तनावर काही चालले नाही.

म्हणजे 'चिंताशामक' या एका शब्दाखाली आपण ज्या दोन गोष्टी एकत्र बांधतो, त्या त्या कोवळ्या मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जातात. बबलीला परक्या माणसांची भीती वाटली असेलच. पण मेलेल्या आईला चिकटून राहणे त्या भीतीत मावत नाही. हेमलकशात पुढे अस्वलांची, बिबट्यांची पोरकी पिल्ले येत गेली. ती वाढली दुधावर आणि माणसांच्या अंगाखांद्यांवर.