सपाटीची सवलत

वळ गावची जमीन मोजणीपुरती सपाट आहे. भिवंडी तालुक्यातल्या या गावातले गट आणि पोटहिस्से ज्या रीतीने मोजले जातात तिला समतल मोजणी म्हणतात. तीत तीन गोष्टी गृहीत असतात: दोन खुणांमधली रेघ सरळ, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश आणि सगळे ओळंबे एकमेकांना समांतर. गोल पृथ्वीवर या तिन्ही खोट्या ठरतात. पण गावापुरता हा खोटेपणा अंगाला लागत नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे. तिचे १६ आणे, तिच्या चौरसाचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. एवढ्या एका साखळीत गोलाईमुळे पडणारा फरक एका अणूच्या व्यासाहूनही लहान आहे. शिवार ३ किलोमीटर लांब धरले तरी तो पाव मिलिमीटरच्या आतच राहतो. ही सवलत कुठवर घ्यायची, हा मात्र जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाचे कुळ शोधत गेले की माग भास्कराचार्यांपर्यंत पोचतो. त्यांच्या आधी, आठव्या शतकात, लल्लाने सपाट पृथ्वी मानणाऱ्यांना विचारले होते, की तसे असेल तर ताडासारखी उंच झाडे लांबून का दिसत नाहीत? ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात भास्कराचार्यांनी उलट बाजू घेतली. पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते? पृथ्वी प्रचंड, माणूस लहान, आणि परिघाचा शंभरावा भाग डोळ्याला सपाटच भासतो, असे त्यांचे उत्तर. पृथ्वीचा परिघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे, म्हणजे सपाट भासणारा भाग सुमारे ५० योजनांचा. आजच्या ४०,००० किलोमीटर परिघाचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर होतो. या कमानीची दोन टोके सरळ रेषेने जोडली, तर मध्यावर ती रेषा जमिनीखाली ३ किलोमीटरहून खोल जाईल. तेव्हा भास्कराचार्यांची सवलत डोळ्याची होती, साखळीची नव्हे. पण मोठ्या गोलाचा लहान तुकडा सपाट धरायचा आणि किती लहान ते आकड्यात सांगायचे, या दोन्ही पायऱ्या तिथे आहेत. तिथून मोजणीच्या साखळीपर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. कल्पनेचे गोत्र तेवढे एक आहे.

पुढचे टप्पे सर्वपरिचित आहेत. १७८७मध्ये फ्रेंच गणिती लजांद्रने गोलीय त्रिकोण सोडवण्याची सोपी युक्ती दिली: तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांहून जेवढी जास्त भरेल तेवढ्याचा तिसरा हिस्सा प्रत्येक कोनातून वजा करायचा आणि त्रिकोण सपाट धरायचा. १८०२मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणीत हा हिशेब रोजचा झाला.

आजच्या पाठ्यपुस्तकांत या सवलतीची हद्द बहुधा एका ठरीव वाक्यात येते. १२ किलोमीटरची कमान तिच्या जीवेपेक्षा, म्हणजे टोके जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा, १ सेंटीमीटरनेच लांब असते आणि १९५ चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात कोनांची बेरीज एका सेकंदानेच वाढते, असे ते वाक्य. त्याचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. १९५ हा आडवळणी आकडा मैलांतून आलेला दिसतो: साडेपंचाहत्तर चौरस मैलांचे तेवढेच चौरस किलोमीटर होतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली तर उत्तर १९७च्या आसपास येते, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

पहिला अर्धा भाग मात्र गणिताला उतरत नाही. कमान आणि जीवा यांतला फरक लांबीच्या घनाला त्रिज्येच्या वर्गाच्या २४ पटींनी भागून मिळतो. १२ किलोमीटरला तो १.८ मिलिमीटर येतो. छापील आकडा त्याच्या पाचपटींहून मोठा. आकडा सोयीसाठी वर ओढला असेल, असे एक स्पष्टीकरण देता येईल. पण १.८ मिलिमीटरला ढोबळ करून कोणी १० लिहीत नाही. दुसरे स्पष्टीकरण जास्त पटते. जीवेऐवजी स्पर्शरेषा घ्यावी, म्हणजे एका टोकाला जमिनीला टेकणारा सपाट कागद. त्या कागदावर उतरलेली लांबी कमानीपेक्षा जास्त भरते आणि भाजक २४ऐवजी ३ होतो. मग फरक येतो १४ मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने सेंटीमीटरच. मोजणीचा नकाशा हा कागदच असल्याने मूळ हिशेब स्पर्शरेषेचा असावा आणि नकलांच्या ओघात तिची जीवा झाली असावी, हा तर्क इथे सर्वांत जवळचा ठरतो.

आडव्या मापात मिळणारी ही सवलत उभ्या मापात टिकत नाही. पातळी घेताना गोलाई अंतराच्या वर्गाने वाढते: १०० मीटरवर पाऊण मिलिमीटर, १ किलोमीटरवर ७८ मिलिमीटर. हवेतल्या अपवर्तनामुळे त्यातला साधारण सातवा हिस्सा कमी होऊन ६७ उरतात. वळच्या आसपास गोदामांचा पट्टा आहे. २०० मीटर लांब गोदामाच्या एका टोकाला लेझर लावून समतल प्रतल टाकले, तर दुसऱ्या टोकाला ते खऱ्या पाणपातळीपेक्षा ३ मिलिमीटर वर जाते. लेव्हल यंत्र दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध लावले, की दोन्हीकडची चूक सारखी होऊन वजाबाकीत उडते. मागची आणि पुढची नजर समान ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे.

साखळीच्या जागी रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा टिपणारे यंत्र, आल्यावर गोलाई आडव्या मापातही परत आली. उपग्रहावरून मिळालेले अक्षांश-रेखांश पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम प्रक्षेपाने कागदावर उतरवताना वळ ४३व्या पट्ट्यात पडते. त्या पट्ट्याची मध्यरेषा, ७५ पूर्व रेखांश, अहिल्यानगरच्या जरा पूर्वेकडून जाते. तिच्यावर जमिनीवरचा १ किलोमीटर कागदावर ४० सेंटीमीटरने आखूड होतो. वळ तिच्या पश्चिमेला २०० किलोमीटरहून थोडे अधिक दूर, म्हणून तिथे तोच किलोमीटर सुमारे १३ सेंटीमीटरने लांबतो आणि कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे ४० कलांनी फिरते. क्षेत्रात हा फरक एकराला साधारण १ चौरस मीटर पडतो. जमिनीवरचे क्षेत्र हवे असेल तर वळपुरते कागदावरचे अंतर १.०००१३ने आणि क्षेत्र त्या आकड्याच्या वर्गाने भागावे लागते.