सहा वाफे, सहा चिठ्ठ्या

जून १९३४. खांडव्याकडून आलेली मीटरगेजची गाडी इंदूर स्टेशनात थांबते आणि तुम्ही फलाटावर उतरता. खिशात मोबाइल नाही, कॅल्क्युलेटर नाही. बारावीच्या पुस्तकातलं ‘यादृच्छिक चल आणि संभाव्यता वितरण’ हे प्रकरण तेवढं डोक्यात आहे. व्याख्या पाठ, अर्थ अधांतरी. नाण्यं उडवून झाली, फासे टाकून झाले, पिशवीतले लाल-निळे चेंडू काढून झाले. हे सगळं कशासाठी, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

टांगा ठरवा आणि चला. गावावर कापड गिरण्यांची धुराडी दिसताहेत. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल; भोंगा झाला की अर्धं इंदूर उठतं. या गिरण्यांना कापूस लागतो आणि माळव्यातल्या कापसाचा धागा आखूड. लांब धाग्याचं, जास्त पिकणारं वाण हवं, म्हणून होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर १९२४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. आपल्याला तिथेच जायचं आहे. तुमच्या काळात तिथे कृषी महाविद्यालय आहे.

फाटकातून आत शिरलात की आधी खताचे ढीग लागतात. संस्थेचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड १९३१ मध्येच गेले, पण काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पोचते आहे. त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे मराठी नाव आहे. आज मात्र आपलं काम खताशी नाही. संस्थेत आता जोसेफ हचिन्सन हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि विनायक गोविंद पानसे हे तरुण संशोधक एका वेगळ्याच प्रश्नामागे लागले आहेत. एका वाणाचा कापूस जास्त आला, तर तो वाणामुळे आला की जमिनीमुळे? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचं १९२५ चं पुस्तक आल्यापासून शेतीप्रयोगांकडे बघायची नजर बदलू लागली आहे. पुढच्याच वर्षी हचिन्सन आणि पानसे कापसाच्या प्रयोगात वाफे केवढे असावेत, कोणत्या आकाराचे असावेत, कसे मांडावेत यावर निबंध प्रसिद्ध करतील.

साहेबांना त्यांच्या कामात राहू द्या. तुमच्यासाठी काळ्या जमिनीचा एक कोपरा मोकळा ठेवला आहे, आणि सोबतीला एक मुकादम. इथून पुढचे आकडे संस्थेच्या दप्तरातले नाहीत; हिशेब तोंडी करता यावा म्हणून आपण मांडलेले आहेत.

मुकादमांसमोर सरकी पसरली आहे. सरकीवर बारीक लव असते, त्यामुळे बी बियाला चिकटतं. म्हणून ते शेण-मातीच्या पातळ काल्यात सरकी चोळताहेत, दाणा दाणा सुटा होईपर्यंत. तुम्हीही बाह्या सरसावून बसा. हाताला आधी गिळगिळीत लागतं, मग कोरडी माती लावली की दाणे मोकळे होऊन बोटांतून सरकायला लागतात.

“बियाणं जुनं आहे, बाळ,” मुकादम म्हणतात. “निम्मंच उगवतं. एका जागी चार दाणे टोक.”

तुम्ही ओळीने टोकत जाता. मग आठ दिवस पुढे सरका.

पाऊस होऊन उघडीप पडली आहे. पहिल्या जागी मातीचा पापुद्रा फुटलाय, वाकलेली मान वर काढून तीन रोपं उभी आहेत. एकाच्या दलावर सरकीचं टरफल अजून अडकलेलं. दुसऱ्या जागी एक. तिसऱ्या जागी दोन. चौथ्या जागी नुसती काळी माती. “नांगी पडली,” मुकादम म्हणतात. बी न उगवल्याने रिकामी राहिलेली जागा म्हणजे नांगी. ती पुन्हा बी लावून भरावी लागते.

वही काढा. एका जागी काय काय घडू शकतं? पहिला दाणा उगवेल किंवा नाही, दुसरा उगवेल किंवा नाही, असं चौघांचं. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे १६ प्रकार. बियाणं निम्मं उगवणारं आहे आणि एक दाणा दुसऱ्याला विचारून उगवत नाही, म्हणून सोळाही प्रकार सारख्याच शक्यतेचे. पण मुकादमांना त्या सोळाशी कर्तव्य नाही. पहिला उगवला आणि तिसरा कुजला, की उलट झालं, याने त्यांचं काही अडत नाही. रोपं किती, एवढंच त्यांना हवं.

प्रत्येक प्रकाराला तुम्ही एकेक आकडा बहाल केलात: उगवलेल्या रोपांची संख्या. पुस्तकातला रँडम व्हेरिएबल, यादृच्छिक चल, तो हाच. नावात ‘चल’ असलं तरी तो बीजगणितातला अज्ञात ‘क्ष’ नाही, की समीकरण सोडवलं आणि सापडला. तो एक नियम आहे. निसर्गात काहीही घडो, त्यातून मी कोणता आकडा उचलणार, हे आधी ठरवून ठेवलेलं. तुम्ही रोपांची संख्या उचललीत. दुसरा कुणी त्याच जागेवर सर्वांत उंच रोपाची उंची उचलेल, तर त्याचा चल वेगळा.

आता सोळा प्रकार पाच आकड्यांत वाटा. शून्य रोपं: एकच प्रकार. एक रोप: ४. दोन: ६. तीन: ४. चार: १. म्हणजे शक्यता अनुक्रमे १/१६, ४/१६, ६/१६, ४/१६, १/१६. बेरीज बरोबर १. एकूण शक्यता कोणत्या आकड्याच्या वाट्याला किती आली त्याची ही वाटणी म्हणजे संभाव्यता वितरण. या विशिष्ट वाटणीला द्विपद वितरण म्हणतात. प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली की ३२/१६, म्हणजे २. जागेमागे सरासरी दोन रोपं. हेच अपेक्षित मूल्य.

“सरासरी दोन म्हणजे उत्तम की,” तुम्ही म्हणता.

“इकडे ये,” म्हणून मुकादम तुम्हाला उताराच्या तळाशी नेतात. तिथे अर्ध्या भागात पाणी साचलं होतं. सोयीसाठी धरा की साचलेल्या भागातल्या जागी एकही दाणा आला नाही आणि उरलेल्या अर्ध्या भागात चारच्या चार आले. सरासरी? इथेही दोन. पण पहिल्या तुकड्यात सोळा जागांमागे एक नांगी होती, इथे सोळांत आठ. तिथे एका दाण्याचं नशीब दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. इथे एक कुजला की चौघंही कुजले.

वितरण मांडायचं ते यासाठी. सरासरीने दोन्ही तुकडे सारखे ठरवले, शेताने नाही. आकडे सरासरीपासून किती दूर पांगलेत हे मोजायचं तर प्रत्येक अंतराचा वर्ग घ्या आणि त्याची सरासरी काढा. पहिल्या तुकड्यात हे प्रचरण १ येतं, दुसऱ्यात ४. पाणी साचलेला तुकडा आणखी एक गोष्ट बजावतो. द्विपद वितरणाचं सूत्र वापरण्याआधी दाणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत ना, हे बांधावर जाऊन बघायचं असतं.

आता मुकादमांचा खरा प्रश्न: एका जागी किती दाणे टोकावेत? जुन्या बियाण्यात चार दाण्यांना नांगीची शक्यता १/१६, म्हणजे हजार जागांत सरासरी ६२-६३ नांग्या. ती शंभरात एकाच्या खाली आणायची तर निम्म्याची निम्मी करत जा: सात दाणे लागतात, तेव्हा ती १/१२८ होते. तेच बियाणं दहात सात उगवणारं असेल, तर न उगवण्याची शक्यता ०.३, चारही न उगवण्याची ०.००८१. चार दाण्यांत काम झालं, हजारात साधारण आठच नांग्या. चांगलं बियाणं दर जागेमागे तीन दाणे वाचवतं, हे बारावीच्या गणिताने दाखवलं.

दाणे चारऐवजी शंभर घेतले तर? वाटणीच्या पायऱ्या इतक्या बारीक होतात की मध्ये फुगलेली, दोन्हीकडे उतरणारी गुळगुळीत रेघ दिसू लागते. लंडनमध्ये आब्राम द म्वाव्र यांनी ही रेघ १७३३ मध्ये कागदावर आणली. इकडे माळव्यात तेव्हा मल्हारराव होळकरांचा जम बसत होता. निम्म्या उगवणीच्या १०० दाण्यांत सरासरी ५०, आणि प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचं वर्गमूळ, ५. शंभरात साधारण ९५ वेळा संख्या ४० ते ६० मध्ये सापडेल. एक दाणा काय करील ते कुणी सांगू शकत नाही. शंभर दाण्यांवर मात्र पैज लावता येते.

आणि आता ज्यासाठी आलो ते. पेरणीच्या आधी, जूनमध्ये, तुम्ही आणखी एक काम केलं होतं. दोन वाणं: जुनं ‘ख’ आणि नवं, जास्त पिकेल असा दावा असलेलं ‘क’. सहा सारखे वाफे. प्रत्येक वाणाला तीन. कोणत्या वाफ्यात कोणतं? मुकादमांचा सल्ला सरळ होता: “नवं वाण वरच्या चांगल्या जमिनीत घाल. साहेब खूश होतील.”

तुम्ही तसं केलं नाहीत. तीन चिठ्ठ्यांवर ‘क’, तीनवर ‘ख’ लिहिलंत, तांब्यात टाकून हलवल्यात आणि वाफ्यागणिक एकेक काढलीत. मुकादम बघतच राहिले. शिकलेलं पोर शेतात सोडत काढतंय!

नोव्हेंबरात या. वेचणी संपली आहे, काटा टांगला आहे. वजनं शेरात: ‘क’ चे तीन वाफे १४, १३ आणि साडेबारा. ‘ख’ चे साडेअकरा, ११ आणि १०. वरचे तिन्ही क्रमांक ‘क’ चे.

“झालं की सिद्ध,” मुकादम म्हणतात.

थांबा. मुद्दाम उलटं धरून चला की वाणात काडीचाही फरक नाही. मग ही सहा वजनं त्या सहा वाफ्यांचीच. कोणतंही बी टाकलं असतं तरी तेवढीच आली असती. नशिबावर होत्या फक्त चिठ्ठ्या. सहांतून तीन वाफे ‘क’ ला देण्याच्या रीती २०. आता चल ठरवा: सर्वांत जास्त पिकलेल्या तीन वाफ्यांपैकी किती ‘क’ च्या वाट्याला आले? शून्य येण्याची एक रीत, एक येण्याच्या ९, दोनच्या ९, तीनची १. म्हणजे वाटणी १/२०, ९/२०, ९/२०, १/२०. तिन्ही ‘क’ चे, असं निव्वळ चिठ्ठीच्या खेळाने घडायची शक्यता विसात एक.

हा ‘विसात एक’ आकडा तुम्हाला कुठून मिळाला ते नीट बघा. जमीन कुठे कसदार, कुठे पाणी जिरतं, कीड कुठे पडली, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. चिठ्ठ्या तुम्ही स्वतः टाकल्या होत्या, म्हणून त्यांचं वितरण तुम्हाला पुरतं माहीत आहे. जमिनीचं अज्ञान तुम्ही मोजता येणाऱ्या अनिश्चिततेत बदलून घेतलंत. मुकादमांचं ऐकून ‘क’ वरच्या जमिनीत घातलं असतं, तर वजनं हीच आली असती तरी त्यांच्यावरून काहीही सांगता आलं नसतं.

याच कल्पनेवर फिशर पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, नवं पुस्तक काढतील. चहात दूध आधी घातलं की नंतर ते चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या बाईची त्यातली परीक्षा प्रसिद्ध होईल. पानसे आणि आत्ता लंडनमध्ये शिकत असलेले, साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे मिळून १९५४ मध्ये शेतीसंशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहितील आणि देशातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ते ‘पानसे-सुखात्मे’ याच नावाने ओळखलं जाईल.

मुकादमांना मात्र उत्तर आजच हवंय. “मग शेतकऱ्यांना ‘क’ द्यायचं की नाही?”

“एवढ्यावर नको, काका. विसात एकदा हे नुसत्या चिठ्ठीनेही होतं. पुढच्या खरिपात आठ वाफे घेऊ, चार-चार. त्याच्या रीती ७०. वरचे चारही ‘क’ चे आले, तर नशिबाच्या वाट्याला ७० त एकच उरतो.”

“आणि तीनच आले तर?”

तुम्ही वहीत मांडता: चारांतून तीन ‘क’ चे येण्याच्या रीती १६, चारही येण्याची १. मिळून १७. “तर ७० त १७, काका. म्हणजे चारात जवळपास एक. तेवढ्यावर कुणाला बी बदलायला सांगायचं नाही.”

मुकादम क्षणभर विचार करतात. “आठ वाफे म्हणजे वेचणीला माणसं जास्त लागतील,” ते म्हणतात, आणि मजुरीचा हिशेब मांडायला तुमच्याकडून पेन्सिल मागून घेतात.