हमालांची बिअर, सम्राज्ञीचा पेला

मी पीत नाही. धर्म म्हणा, घरचा संस्कार म्हणा, पुढे नुसती सवय म्हणा. पन्नाशी उलटली तरी ओठाला लागली नाही. कवितेत मात्र साकी आणि पेला कितीदा तरी आले आणि त्यावर मी दादही घेतली. त्यामुळे आज मी बिअरवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात जे हसू झाले, ते तुमच्याही घरात होईल. होऊ द्या.

त्याचे असे झाले. कॉलेजातला माझा एक जुना मित्र लंडनहून आला. त्याला निरनिराळ्या बिअर चाखून त्यांची टिपणे ठेवण्याचा नाद आहे. रंग, वास, चव, तोंडातला दाटपणा, सगळ्याला गुण देतो. त्याने बॅगेतून एक बुटकी काळी बाटली काढली. लेबलावर 'इम्पीरियल स्टाउट', खाली मद्यार्क दहा टक्के. नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट. म्हणाला, "शायर, तू पिऊ नकोस. नुसता वास घे आणि मला शब्द दे. माझ्याकडे 'कॉफी' आणि 'चॉकलेट' हे दोनच आहेत, ते लिहून लिहून झिजले."

त्याने ती थंडगार करू दिली नाही. थंडीने वास मुका होतो, म्हणाला. पेल्यात ओतली तेव्हा इंजिनातले जुने तेल ओतल्यासारखी धार पडली आणि वर खजुराच्या रंगाचा फेस आला. दिव्यासमोर धरली तरी पलीकडचे काही दिसेना. मी वास घेतला. गुऱ्हाळात शेवटची कढई उतरवल्यावर तळाला जे चिकटून राहते, ते आठवले. त्यामागे करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, काळ्या मनुका, आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा वास. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. मग त्याने घोट घेतला आणि सांगू लागला, मी लिहू लागलो. आधी काकवीसारखी गोडी, मग कोऱ्या कॉफीचा कडवटपणा, गिळल्यानंतर छातीत हळूहळू पसरणारी ऊब. चव माझ्यासाठी ऐकीव आहे. पण इतिहासात तरी दुसरे काय असते?

मित्राने मग ती प्रसिद्ध कथा सांगितली. रशियाच्या राणीला इंग्रजांची काळी बिअर आवडे. पण वाटेतल्या थंडीत ती गोठून जाई, म्हणून मद्यार्क वाढवून ही खास बिअर केली. कुणी ती कथा आणखी मागे नेऊन १६९८ मध्ये लंडनजवळ डेप्टफर्डला मुक्काम केलेल्या पीटर बादशहाला चिकटवतात. बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस मी. मला काही पटेना. पुढचे काही आठवडे ग्रंथालयात आणि मित्राने पाठवलेल्या कागदांत गेले.

दहा टक्क्यांची बिअर शून्याखाली चार-पाच अंशांवर गोठू लागते. पीटर्सबर्गच्या हिवाळ्यापुढे तिचा काय पाड लागणार? शिवाय हिवाळ्यात तिथले बंदरच बर्फाने बंद होई, माल जायचा तो उन्हाळ्यात. आणि लांबचा प्रवास म्हणाल, तर लंडनची काळी बिअर त्याहून कितीतरी लांब, आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येत होती. कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी ती इथल्या बंदरांत उतरे. तिला काही कोणी 'इम्पीरियल' म्हटले नाही. रशियाला जाणारी जहाल होती, कारण तिथल्या श्रीमंतांना जहाल आवडत होती आणि त्यांना ती परवडत होती. पीटरची गोष्ट तर कालगणनेतच बसत नाही. लंडनच्या या काळ्या बिअरला तिचे नाव मिळाले तेच १७२०च्या दशकात.

आणि ते नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तिचे नाव 'पोर्टर'. म्हणजे हमाल.

त्या काळचे लंडन हमालांच्या पाठीवर चालत होते. थेम्सवर जहाज लागले की कोळसा, धान्य, मीठ, गाठोडी उतरवायची आणि गल्लीबोळांतून घरोघर, दुकानोदुकानी पोहोचवायची. यांच्या संघटना होत्या, कामाचे हक्क ठरलेले होते. एका वर्गाला तर अंगावरच्या धातूच्या बिल्ल्यामुळे 'तिकीट पोर्टर' म्हणत. ही माणसे भर कामात पोटाला आधार म्हणून जी दाट, तपकिरी, स्वस्त बिअर पीत, तिला त्यांचेच नाव पडले. त्यातली तगडी ती 'स्टाउट'. स्टाउट म्हणजे तेव्हा नुसते 'जोरदार'. रंगाशी त्याचा संबंध नव्हता.

माझे वडील मशीद बंदरला हमाल होते. 'हमाल' हा शब्द मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका रुळला की तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्यानंतर वडिलांनाही बिल्ला मिळाला. तो ते शर्टाच्या आतल्या बाजूला लावत. बाहेर लावला तर घामाने गंजतो, म्हणत. पण आतही घाम होताच.

तर हमालांची ही बिअर राणीपर्यंत पोहोचली कशी? लंडनच्या सदर्क भागात, शेक्सपिअरचे ग्लोब थिएटर जिथे होते त्या जागेवर, अँकर ब्रुअरी नावाचा मोठा कारखाना होता. मालक हेन्री थ्रेल. कोशकार डॉ. जॉन्सन त्याच्या घरातलेच होऊन गेलेले. १७८१ मध्ये थ्रेल वारला आणि जॉन्सनसाहेब मृत्युपत्राचे एक विश्वस्त म्हणून विक्रीच्या व्यवहारात उतरले. शब्दांचा माणूस कोठारे नि पिंपे मोजतो आहे, हे चित्र मला फार आवडते. १ लाख ३५ हजार पौंडांना कारखाना बार्कले नावाच्या क्वेकर घराण्याकडे आणि जुना व्यवस्थापक पर्किन्सकडे गेला. १७९६ मध्ये जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराने रोजनिशीत नोंद केली आहे, की त्याने प्यायलेली पोर्टर थ्रेलच्या कारखान्यातली होती आणि ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवलेली होती, असे त्याला सांगण्यात आले. ही सम्राज्ञी कॅथरीन. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती वारली.

तिचा पेला मात्र मित्राच्या पेल्याइतका काळा नसावा. धान्य जवळजवळ कोळशासारखे काळे भाजण्याचे फिरते पिंप, कॉफी भाजतात तसे, डॅनियल व्हीलरने पेटंट केले ते १८१७ मध्ये. त्याआधी तपकिरी माल्टवर काम चाले.

एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. १८२२ मध्ये रशियाने इंग्लिश बिअरवर जबर जकात बसवली. बर्टन गावच्या गोड, जहाल एलचा तिथला बाजार बुडाला आणि तिथले कारखानदार हिंदुस्थानकडे वळले. फिकट, कडवट 'इंडिया पेल एल'मध्ये बर्टनचे नाव झाले ते त्यानंतर. पोर्टरला मात्र त्या जकातीतून सूट होती. हमालांच्या नावाची बिअर दरबारात राहिली.

बार्कले-पर्किन्सच्या कारखान्यातला सर्वांत रंगतदार दिवस मात्र ४ सप्टेंबर १८५०. तो कारखाना तेव्हा लंडनचे प्रेक्षणीय स्थळ होते, पाहुणे वहीत सही करून आत जात. त्या दिवशी एका लांब मिशांच्या परदेशी म्हाताऱ्याने सही केली: हायनाऊ. ऑस्ट्रियाचा हा सेनापती. आदल्या वर्षी इटलीत ब्रेशा शहर आणि मग हंगेरी यांचे बंड त्याने ज्या क्रौर्याने चिरडले, बायकांना फटके मारवले, ते लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते. नाव कारखान्यात पसरले. गाडीवान आणि हमाल जमले. वरून गवताचा भारा त्याच्यावर पडला, मग शेण, मग झाडू. तो पळत सुटला, बाहेरचे लोकही मागे लागले, मिशा ओढल्या गेल्या. शेवटी नदीकाठच्या एका खाणावळीत लपला तेव्हा वाचला. पोलिसांनी नावेतून बाहेर काढला. व्हिएन्नाने माफीची मागणी केली, राणी व्हिक्टोरियालाही ती द्यावीशी वाटत होती, परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने मात्र चांगलेच आढेवेढे घेतले. १८६४ मध्ये गॅरिबाल्डी लंडनला आला तेव्हा त्या कामगारांचे आभार मानायला मुद्दाम कारखान्यात गेला.

बादशहांच्या दरबारात बिअर पाठवणाऱ्या कारखान्यात एका बादशहाचा सेनापती झाडूने झोडला गेला. मारामारीचे मी समर्थन करत नाही. पण वडिलांना ही गोष्ट सांगायला मिळायला हवी होती, असे फार वाटले. ते दोनदा सांगायला लावतील आणि दुसऱ्यांदा झाडू किती होते ते विचारतील.

पुढची हकीकत थोडक्यात. ले कॉक नावाची पेढी ही बिअर बाटल्यांत भरून रशियाला पाठवत असे. १८६९ मध्ये बुडालेल्या ओलिवा जहाजातून १९७४ साली पाणबुड्यांनी या पेढीच्या नावाच्या बाटल्या वर काढल्या. १९१२ मध्ये पेढीने तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या एस्टोनियातल्या तार्तू गावचा कारखाना घेतला. दोनच वर्षांत महायुद्ध आणि रशियातली दारूबंदी आली. इंग्लंडमध्ये बार्कले-पर्किन्स १९५५ मध्ये करेज कंपनीत मिसळली, अँकर ब्रुअरी १९८१ मध्ये पाडली, आणि १९९३ मध्ये करेजने ही बिअर काढणेच थांबवले. तोवर अमेरिकेतल्या लहान कारखान्यांनी तिला उचलले होते. आज तिथे तिचे शेकडो प्रकार निघतात.

सदर्कमध्ये पार्क स्ट्रीटवर भिंतीला हायनाऊच्या प्रसंगाची पाटी आहे. परत गेल्यावर मित्राने तिचा फोटो पाठवला. सोबत त्या रात्रीच्या टिपणाची प्रतही होती. वासाच्या रकान्यात 'गुऱ्हाळाची शेवटची कढई' त्याने देवनागरीतच ठेवले आहे. इंग्रजीत जमेना, म्हणाला. गुण दहापैकी नऊ. एक कशाचा कापला, ते विचारायचे राहून गेले.