तळटीप : ‘फॅक्टरी’ म्हणजे वखार
सतराव्या शतकातील ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत वारंवार येणाऱ्या ‘फॅक्टरी’ या नामाचा आजच्या कारखान्याशी संबंध नाही; ‘फॅक्टर’ म्हणजे मालकाच्या वतीने दूरदेशी खरेदी-विक्री करणारा अडत्या, आणि असे फॅक्टर जेथे राहत, माल साठवत व हिशेब ठेवत ती जागा म्हणजे फॅक्टरी, जिला मराठी कागदांत वखार म्हटले आहे. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा तेथील इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैद झाले, कारण आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांविरुद्ध लढणारा आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याला दारूगोळ्याची मदत करून त्यांनी व्यापाऱ्याची मर्यादा सरळसरळ ओलांडली होती. कंपनीच्या नोकरीत रायटर, फॅक्टर, कनिष्ठ मर्चंट व वरिष्ठ मर्चंट अशी चढती श्रेणी असल्याने ‘फॅक्टर’ हा शब्द कधी केवळ हुद्दाही दर्शवतो. यंत्रांवर माल तयार होणारी जागा हा अर्थ औद्योगिक क्रांतीबरोबर रूढ झाला. ‘इंग्रजांचा राजापूरचा कारखाना’ असा अनुवाद दुहेरी दिशाभूल करतो, कारण शिवकालीन राज्यव्यवहारात ‘कारखाना’ म्हणजे राजाच्या भांडारांचे व सरंजामाचे खाते, आणि अशा खात्यांची संख्या परंपरेने अठरा मानली जाते. प्रस्तुत ग्रंथात म्हणून सर्वत्र ‘वखार’ हाच शब्द योजला आहे.