लांब पायांच्या माशा आणि त्यांचे नामकर्ते

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या मागील बागेत येतो, तेव्हा केळीच्या पानांवर ऊन नुकतेच उतरलेले असते. त्या उन्हात एक इवलीशी माशी हमखास दिसते. आकार तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. अंग मात्र घासूनपुसून ठेवलेल्या पितळेसारखे, हिरव्या-सोनेरी तेजाने झळकणारे. पाय शरीराच्या मानाने इतके लांब, की जणू कुणी तिला काठ्यांवर उभी केली आहे. ती पानावर चार पावले झटकन धावते, थबकते, दिशा बदलते आणि पुन्हा धावते. मावा, फुलकिडे, कोळी-किडे यांसारख्या मऊ अंगाच्या जीवांवर तिचा निर्वाह चालतो, म्हणजे ती माळ्याची मित्रच. आमच्या एका धर्मग्रामस्थाला आम्ही ती कौतुकाने दाखविली, तेव्हा ते म्हणाले, “फादर, माशी ती माशी. तिच्यात पाहायचे काय?” प्रश्न रास्त होता. तथापि या ‘माशी ती माशी’ म्हणण्याविरुद्ध ज्या माणसांनी आपले उभे आयुष्य खर्ची घातले, त्यांची ही कथा आहे. तीत एकाहून अधिक धर्मगुरू भेटतात हे कळले तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले, आणि थोडा अभिमानही वाटला हे लपवीत नाही.

स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली प्राण्यांच्या नामकरणाची पद्धत घालून दिली, तेव्हा त्याच्या लेखी या माशाही साध्या ‘मस्का’च होत्या. ‘मस्का’ म्हणजे लॅटिन भाषेत माशी. सेमिनरीत आम्ही जे थोडेफार लॅटिन गिरविले, ते अशा ठिकाणी उपयोगी पडते! त्याने एका माशीला ‘मस्का उंग्युलाटा’ म्हटले, म्हणजे खुरे असलेली माशी. पाच वर्षांनी, १७६३ साली, इद्रिया येथील पाऱ्याच्या खाणीतील कामगारांचे वैद्य स्कोपोली यांनी दुसऱ्या एका जातीला ‘प्लुमिपेस’, म्हणजे पिसांच्या पायाची, असे नाव दिले. या जातीतील नराच्या मधल्या पायावर केसांची दुहेरी झालर असते. पण या साऱ्या मंडळींचे गोत्र एक आहे, हे तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. ते सांगणारा माणूस पुढे आला तो मृत्यूच्या दाढेतून.

प्येर आंद्रे लात्रेय यांचा जन्म १७६२ साली फ्रान्समधील ब्रीव्ह गावी झाला. १७८६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, परंतु धर्मगुरू म्हणून सेवा करण्यापेक्षा त्यांचे मन किड्यांतच अधिक रमले. फ्रेंच राज्यक्रांती उसळली आणि धर्मगुरूंना राजसत्तेशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. शपथ न घेणारे लात्रेय १७९३ च्या नोव्हेंबरात तुरुंगात पडले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे सर्व बंदिवानांना ठाऊक होते. अशा वेळी तुरुंगाचा वैद्य तपासणीस आला आणि पाहतो तो काय, हा कैदी कोठडीच्या जमिनीवरील एक भुंगेरा एकाग्रतेने न्याहाळीत बसलेला! हा किडा अत्यंत दुर्मीळ आहे, असे कैद्याने सांगितले. वैद्याने तो बोर्दो येथील बोरी द सां-व्हँसां या पंधरा वर्षांच्या निसर्गवेड्या मुलाकडे पाठविला. मुलाला लात्रेय यांचे नाव परिचित होते. त्याने खटपट करून लात्रेय आणि त्यांचा एक सोबती यांची सुटका करविली. मागे राहिलेले बंदिवान महिनाभरात मृत्यू पावले. त्या भुंगेऱ्याच्या वंशाला ‘नेक्रोबिया’ हे नाव आहे. ग्रीक भाषेत त्यात मृत्यूही आहे आणि जीवनही. पॅरिसमधील त्यांच्या समाधीवर तो किडा कोरलेला आहे.

सुटकेनंतर लवकरच, १७९६ साली, लात्रेय यांनी ब्रीव्ह येथे एक लहानसे पुस्तक छापले. कीटकांचे वंश कोणत्या लक्षणांवरून ओळखावेत याची ती संक्षिप्त मांडणी होती. त्याच पुस्तकात ‘डॉलिकोपस’, म्हणजे लांब पायाचा, हा वंश प्रथम अवतरला, आणि १८०९ साली त्यावरूनच त्यांनी संपूर्ण कुल उभे केले. आज त्या कुलाला ‘डॉलिकोपोडिडी’ म्हणतात. आमच्या केळीच्या पानावरची ती हिरवी माशी अशा रीतीने एका मृत्युकोठडीशी नाते सांगते.

लात्रेय यांनी दार उघडले. घर बांधले ते योहान विल्हेल्म माइगेन यांनी. हे जर्मनीतील झोलिंगेनचे. पुढे श्टोलबेर्ग या गावी फ्रेंच, चित्रकला, भूगोल आणि पियानो शिकवून त्यांनी संसार चालविला. विद्यापीठाची पायरी ते चढले नव्हते आणि दारिद्र्य त्यांच्या घरातून कधी फारसे बाहेर गेले नाही. त्या काळचे थोर कीटकशास्त्रज्ञ फाब्रिशियस केवळ मुखाच्या रचनेवरून वर्ग पाडीत. पण मिलिमीटरभर माशीचे तोंड तपासणार कसे? माइगेन यांनी पंखांतील शिरा, शृंगिका, पायांवरचे केस असे अनेक पुरावे एकत्र पाहण्याचा प्रघात पाडला. पंखाच्या शिरा उन्हात धरल्या की नकाशासारख्या वाचता येतात. युरोपातील द्विपंखी कीटकांवरील त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८१८ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या चौथ्या खंडात, १८२४ साली, लांब पायांच्या माशांचे दालन आले. बॉन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, तीही आयुष्याच्या अखेरीस. १८४५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हातून एक गुंता मात्र झाला. १८०० साली त्यांनी एक पत्रिका छापली होती व तीत काही वंशांना नावे दिली होती. पुढे त्यांनी स्वतःच ती नावे टाकून दुसरी घेतली. पत्रिका विस्मृतीत गेली. १९०८ साली हेंडेल नावाच्या अभ्यासकाने ती उकरून काढली आणि ‘आधीचे नाव तेच खरे’ या नियमाचा आग्रह धरला. मग एकाच माशीला काही लोक जुन्या नावाने आणि काही नव्या नावाने हाक मारू लागले! हा वाद पंचावन्न वर्षे चालला. अखेर १९६३ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने ती पत्रिकाच नामकरणासाठी रद्दबातल ठरविली. नियम मोठा की व्यवहार, असा तो प्रश्न होता. आमच्या मते मंडळाने शहाणपणा केला, कारण ज्यामुळे एकमेकांशी बोलणेच खुंटते त्या नावाचा उपयोग काय?

यानंतरचे मोठे नाव हेर्मान लोव यांचे. हे पोझेन प्रांतातील मेसेरिट्झ येथे शाळेचे प्रमुख होते आणि १८४८ साली फ्रांकफुर्टच्या संसदेतही बसले होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरी त्या खंडातील लांब पायांच्या माशांवरील पहिला मोठा ग्रंथ, १८६४ सालचा, त्यांचाच. हे कसे घडले? रशियाचे राजनैतिक अधिकारी बॅरन ऑस्टेन-साकेन वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे नोकरीस होते. कचेरीच्या कामातून वेळ काढून ते माशा जमवीत आणि टाचणीला लावून पेट्या भरभरून लोव यांच्याकडे धाडीत. दोघांचे पुढे फारसे जमले नाही. ऑस्टेन-साकेन यांनी १९०३ साली लिहिलेल्या आठवणींत लोव यांच्याविषयी बरेच कडू लिहून ठेवले आहे. विद्वानांचे रुसवेफुगवे आपल्या गावकीहून वेगळे नसतात.

आता वर्गीकरणाची खरी अडचण सांगावयास हवी. या माशांच्या नरांचे रूप पाहण्यासारखे असते. कुणाच्या पायाला झालर, कुणाच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका, कुणाचा चेहरा चांदीसारखा लखलखीत. चिखलाच्या काठावर हे नर मादीपुढे पंख हलवून व पाय नाचवून आपला थाट दाखवितात. नराच्या पोटाखाली वळलेले जननेंद्रियही मोठे असते आणि प्रत्येक जातीत त्याची घडण निराळी. साहजिकच जाती ओळखण्याच्या तक्त्यांचा भर नरांवर राहिला. माद्या मात्र साध्यासुध्या आणि एकमेकींसारख्या. कित्येक जातींच्या बाबतीत नर ठाऊक आहे, मादी कोणती ते निश्चित सांगता येत नाही. सात हजारांहून अधिक जातींचे हे कुल. त्यातील निम्मा समाज असा बिननावाचा.

या कामात दोन धर्मगुरू पुढे आले. पहिले फादर गाब्रिएल श्ट्रोब्ल, ऑस्ट्रियातील आडमोंट येथील बेनेडिक्टाईन मठाचे. १८६५ साली मठाला भीषण आग लागली. जगप्रसिद्ध ग्रंथालय वाचले, परंतु निसर्गसंग्रह भस्मसात झाला. श्ट्रोब्ल यांनी तो नव्याने उभारण्यास घेतला आणि त्यात चार दशकांहून अधिक काळ वेचला. आज तेथे सुमारे अडीच लाख कीटक आहेत, आणि त्यातील माशांचा संग्रह युरोपातील नामांकित संग्रहांपैकी मानला जातो. आपल्या स्टायरिया प्रांतातील माशांची सूची त्यांनी १८९३ पासून छापली. स्पेनमधील माशांवरही लिहिले. प्रार्थनेच्या घंटा आणि सूक्ष्मदर्शकाची काच या दोहोंमध्ये त्यांचा दिवस कसा विभागला जात असेल, याची आम्ही पुष्कळदा कल्पना करतो.

दुसरे फ्रान्सचे आबे ऑक्ताव्ह पारां. यांनी तर याच एका कुलाला वाहून घेतले. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या प्रदेशांतून जमविलेल्या माशांचे वर्णन त्यांनी केले, आणि १९३८ साली फ्रान्समधील लांब पायांच्या माशांवर सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. त्यांच्याआधी थेओडोर बेकर या स्थापत्य अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७-१८ साली, असेच प्रचंड काम छापले होते, आणि १९२२ साली हिंदुस्थानापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रदेशातील या माशांचा स्वतंत्र आढावा घेतला. तोफा धडाडत असताना माशीच्या पायावरचे केस मोजणाऱ्या माणसाला कोणी वेडा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.

उपकुलांची घडी अनेकांनी घातली व मोडली. अमेरिकेचे हॅरल्ड रॉबिन्सन हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, सूर्यफुलाच्या कुलातील तज्ज्ञ. पण १९७० साली दोन्ही अमेरिकांतील या माशांची उपकुले त्यांनी नव्याने मांडली. सिडनीच्या डॅनियल बिकेल यांनी १९९४ साली सायापोडिनी या उपकुलाचा जागतिक आढावा घेतला. आमच्या केळीवरची माशी याच उपकुलातली. पुढे २००६ साली सिंक्लेअर व कमिंग यांनी, पूर्वी शेजारच्या नृत्य-माशांच्या कुलात गणल्या गेलेल्या दोन लहान उपकुलांना या घरात आणून बसविले. त्याच वर्षी चीनच्या यांग डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्व ज्ञात जातींची सूची प्रसिद्ध केली.

हे सारे कशासाठी, असे आमचे धर्मग्रामस्थ पुन्हा विचारतील. त्यांना जलपर्णी ठाऊक आहे. नद्या आणि तळी गिळून टाकणारे ते केंदाळ मूळचे दक्षिण अमेरिकेचे. या कुलातील बहुतेक अळ्या ओल्या मातीत किंवा झाडाच्या सालीखाली शिकार करून जगतात. ‘मेडेटेरा’ वंशाच्या अळ्या तर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पिलांवर ताव मारतात. परंतु ‘थ्रिप्टिकस’ या एका वंशाच्या अळ्या शाकाहारी आहेत. त्या देठ पोखरतात, आणि त्यांपैकी काही जलपर्णीचे. या माशीला जलपर्णीवर सोडता येईल काय, असा विचार सुरू झाला. पण २००४ साली बिकेल व एर्नांडेझ यांनी काळजीपूर्वक तपासणी केली, तेव्हा जलपर्णी आणि तिच्या भावकीतील वनस्पतींवर एक नव्हे, अनेक जाती निघाल्या आणि त्यांतील कित्येकींना तोवर नावच नव्हते. कोणती माशी कोणत्या वनस्पतीवर वाढते हे पक्के ठाऊक नसता ती परक्या देशात सोडली, तर ती केंदाळ सोडून दुसऱ्याच पिकाकडे वळणार नाही याची हमी कोण देणार? पायावरच्या केसांचा हिशेब येथे शेतकऱ्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

आज सकाळी केळीच्या पानावर बसलेली माशी आम्ही भिंगातून बराच वेळ पाहिली. पायाला झालर नव्हती, पंखाला ठिपका नव्हता. ती मादी होती. उपकुल आम्हांस सांगता आले. पुढे काही सांगता आले नाही.