बाळंतिणीची खाट आणि व्यायाम

बाळंतिणीनें दहाबारा दिवस खाटेवरून हलूं नये, ही समजूत या देशापुरतीच नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमधील डॉक्टरांचाही तोच कटाक्ष असे. तेथील सेंट टॉमस रुग्णालयाचे प्रसूतिवैद्य फेअरबेर्न यांना मात्र त्यांत एक विसंगति दिसली. सुखवस्तु घरची स्त्री पडून राही आणि अशक्तच राही. पोटासाठीं लवकर उठावें लागणारी गरीब बाई तिच्याआधीं सावरे. अर्थात् हें श्रेय गरिबीचें नव्हे, हालचालीचें. निजून राहिल्यानें पायांतील रक्त संथावतें, गुठळ्यांचें भय वाढतें. ताणलेले पोटाचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलच राहतात. म्हणून १९१२ सालीं त्यांनीं मिनी रँडेल बाईंना बाळंतिणींसाठीं खाटेवरच करावयाचे, क्रमानें वाढत जाणारे व्यायाम बसविण्यास सांगितलें. पुढें बाईंनीं गर्भिणींनाही शिकविलें. १९३६ सालीं मार्गारेट मॉरिस या नर्तकीनें त्यांच्या सहकार्यानें या व्यायामांवर पुस्तक काढलें. ब्रिटनमध्यें या विषयांतील तज्ज्ञांची संघटना उभी राहण्यास मात्र १९४८ साल उजाडलें. १९१२ सालीं जन्मलेल्या मुली तोंवर स्वतःच लेकुरवाळ्या झाल्या होत्या.