खळगा आणि घर : वेस्ट स्टो येथील पुनर्रचनेचा पुरावा

इंग्लंडमधील आद्य मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्यास लिखित साधनांची उणीव पदोपदी जाणवते. पाचव्या ते सातव्या शतकांतील अँग्लो-सॅक्सन खेडुतांची घरे लाकडाची व गवताची असल्यामुळे ती कुजून गेली. अनेक ठिकाणी मागे राहिले ते जमिनीतील उथळ खळगे आणि त्यांच्या टोकांशी असलेली खांबांची भोके एवढेच. या अवशेषांवरून मूळ वास्तूचे स्वरूप कसे ठरवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

इ. टी. लीड्स यांनी १९२१ ते १९३७ या काळात सटन कोर्टनी येथे असे खळगे उकरले. त्यांत हाडे, खापरे व इतर केरकचरा सापडल्यामुळे लोक या खळग्यांतच, त्या घाणीत राहत असत, असे त्यांनी मानले. एका संपूर्ण समाजाच्या राहणीविषयीचे हीन मत अशा रीतीने खळग्याच्या अर्थावर आधारले गेले.

पुढे सफकमध्ये, लार्क नदीच्या काठी वेस्ट स्टो येथे स्टॅन्ली वेस्ट यांनी १९६५ ते १९७२ या काळात उत्खनन केले व अशा सुमारे ७० वास्तूंचे अवशेष उजेडात आणले. खळग्यांचे तळ सतत तुडविले गेल्याची चिन्हे तेथे सामान्यतः दिसली नाहीत; जळालेल्या वास्तूंत मात्र कोळसा झालेल्या फळ्या मिळाल्या. यावरून खळगा ही घराची जमीन नसून फळ्यांच्या जमिनीखालची पोकळी असावी, हा तर्क पुढे आला.

हा तर्क पडताळण्यासाठी १९७४ पासून त्याच जागी घरे उभारण्यात आली. आज तेथे मुक्तांगण वस्तुसंग्रहालय आहे. अँग्लो-सॅक्सन सुतार ओकचा ओंडका पाचरी ठोकून उभा फोडीत आणि फळी कुऱ्हाडीने तासून काढीत. ओले लाकूड रेषेवर सरळ फुटते, वाळलेले तसे फुटत नाही. म्हणून झाड केव्हा तोडावे यावर सारे काम अवलंबून असते. असे ज्ञान प्रत्यक्ष हात चालविल्यावाचून येत नाही. खळग्यालाच जमीन मानले, तर रेताड मातीच्या कडा सावरून धरण्याची अडचण येते. उलट, फळ्या खळग्याच्या कडांपलीकडे नेल्या, तर भिंतीही बाहेर सरकतात आणि घर कोरडे व प्रशस्त होते.

तथापि या प्रयोगांची मर्यादा ध्यानी घेणे अवश्य आहे. प्रयोगाने सिद्ध होते ती शक्यता; प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नव्हे. त्याच दोन भोकांवर भिन्न उंचीची व भिन्न छपरांची घरे उभी राहू शकतात. लीड्स यांच्या मताला अधिक निर्णायक उत्तर मातीच्या थरांच्या परीक्षणातून मिळाले. खळग्यांतील भर बहुतांशी वास्तू सोडून दिल्यानंतर टाकलेल्या कचऱ्याची आहे, असे जेस टिपर यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात दाखविले. त्यामुळे त्या कचऱ्यावरून रहिवाशांची राहणी ठरविता येत नाही.

वेस्ट स्टो येथे भिन्न रचनांची घरे शेजारी शेजारी ठेवली आहेत, हे या दृष्टीने योग्यच होय. एकच घर दाखविले असते, तर पाहणाऱ्याने तेच सत्य मानले असते. उभी वास्तू डोळ्यांना तत्काळ पटते. पण एकेकाळी कचऱ्याने भरलेला खळगाही असाच पटला होता, याचा विसर संशोधकास पडता कामा नये.